बिनओरखड्याची नाव

हिंगणघाटाहून वेणेच्या काठाकाठानं खाली उतरत गेलं, की चिंचघाट लागतं. या गावात कधीकाळी शिडाची नाव होती, असं सांगितलं तर ऐकणारा हसतो. वेणा काही समुद्र नव्हे. उन्हाळ्यात तिच्या पात्रातून बैलगाडी जाते आणि बैलांचे गुडघेही भिजत नाहीत. पण चिंचघाटाजवळ नदी वळण घेते, आणि त्या वळणात भर उन्हाळ्यातही न आटणारा लांबच लांब डोह आहे. त्या डोहावर रूपराव ढग्यांची पांढरी नाव चालायची.

नाव मुळात रूपरावांची नव्हती. हिंगणघाटच्या एका कापडगिरणीत रत्नागिरीकडचा एक मॅनेजर आला होता. समुद्राकाठी वाढलेल्या त्या माणसाला इकडच्या उन्हात करमेना. त्यानं कुठूनशी ही नाव मालगाडीनं आणवली, डोहात टाकली, आणि दर रविवारी तो तीत बसून एकटाच या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई. रूपरावांची भाजीची वाडी डोहाला लागूनच होती. नाव बांधायला जागा त्यांची, राखण त्यांची, आणि हळूहळू शिडाची दोरी ओढायला हातही त्यांचेच. आणीबाणी उठली त्या सुमाराला साहेबाची बदली झाली. जाताना त्यानं नाव रूपरावांनाच देऊन टाकली, जवळजवळ लाकडाच्या भावात.

देताना तो एक गोष्ट सांगून गेला. म्हणाला, "रूपराव, जुनी नाव घेणारा माणूस शिडाकडे बघत नाही. शीड नवं शिवता येतं. रंगाकडेही बघत नाही. तो गुडघ्यावर बसतो आणि तिच्या पोटाखालून हात फिरवतो. एकदा खडकाला लागलेली नाव कितीही छान सांधली तरी हाताला कळते, आणि मग तिला निम्मी किंमतही येत नाही. पोट जपा. आणि जे मूळचं आहे ते मूळचंच राहू द्या."

रूपरावांनी हे बोलणं गुरुमंत्रासारखं धरलं. वास्तविक ते भाजीवाले माणूस. वांगं दिवसभर बाजारात राहिलं की संध्याकाळी त्याला कोणी विचारत नाही, हा त्यांचा जन्माचा अनुभव. जुनी होऊनही किंमत टिकवून धरणारी एक वस्तू आपल्या दारात आहे, याचं त्यांना फार अप्रूप वाटे. चपला घालून कोणाला ते नावेत पाय ठेवू देत नसत. एकदा त्यांच्या बायकोनं, आनंदाबाईनं, कोबीची टोपली तीत ठेवली, तर टोपलीचं बूड लाकडाला घासेल म्हणून त्यांनी ती उचलून काठावर ठेवली आणि मग डोक्यावर घेऊन उताराच्या उथळ पाण्यातून पायी पार नेली. गावातले लोक नावेला 'रूपरावची नवरी' म्हणत. रूपराव हसत आणि मनातून सुखावत. उन्हाळ्याच्या संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटला की ते शीड चढवत, आणि नाव डोहावरून अशी सरकत जाई की काठावर धुणं धुणाऱ्या बायांचे हात थांबत.

मुलं मोठी झाली तशी त्यांना वर्ध्याला शिकायला ठेवायची वेळ आली. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघ्यात तेव्हा शेतांचे तुकडे पडून प्लॉट विकायला निघाले होते. रूपरावांनी एक प्लॉट पाहिला आणि तो त्यांच्या मनात भरला. विहीर जवळ, रस्त्याला लागून, समोर कडुलिंब. नेमके त्याच वेळी नौदलातून निवृत्त झालेले एक कॅप्टनसाहेब नागपुरात राहायला आले होते आणि तळ्यात चालवायला नाव शोधत होते. कोणीतरी त्यांना चिंचघाटाचं नाव सांगितलं. त्यांचा निरोप आला की पोळा झाला की येऊन बघतो, आणि सांगितली आहे तशी असेल तर मागाल ती किंमत देतो.

ही त्र्याऐंशी सालची गोष्ट. रूपरावांनी नाव पाण्याबाहेर काढली आणि वाडीतल्या टिनाच्या शेडमध्ये पालथी घातली. घासली, पुसली, नवा पांढरा रंग दिला. सुकाणू तेवढं रंगवलं नाही. मूळचं वार्निश अजून झळकत होतं आणि पितळी बिजागऱ्या जशाच्या तशा होत्या. ते त्यांनी तेल लावून आनंदाबाईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि वाडीतल्याच घरात पलंगाखाली ठेवून दिलं.

पोळ्याच्या आधी पाऊस लागला तो थांबेचना. डोहाच्या पलीकडे एक टेकाड आहे. त्यावर गावातल्या तिघाचौघांची मिरचीची आणि वांग्याची वावरं होती. रोज सकाळी बाया डोहाच्या वरच्या उतारानं पाण्यातून चालत पार जायच्या, निंदण करायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. त्या दिवशी पाऊस जरा उघडला म्हणून रूपरावांचे शेजारी बंडूजी यांची बायको मंदाबाई निघाली. तिच्यासोबत म्हातारी जिजाबाई, कांता आणि नलू. दुपारी वरून पाणी आलं. कुठं ढग फुटला कोण जाणे, पण बघता बघता उतार दिसेनासा झाला, मागच्या नाल्यालाही लोंढा आला, आणि टेकाड चारी बाजूंनी पाण्यात उभं राहिलं.

बंडूजी धावत रूपरावांच्या अंगणात आले. कमरेपर्यंत भिजलेले. त्यांच्या मागं नत्थू होता, गावातला सगळ्यात चांगला पोहणारा.

"रूपराव, नाव काढ," बंडूजी म्हणाले. "माही घरची टेकाडावर हाये. चार बाया हायेत. पाणी चढून राह्यलं."

रूपराव ओसरीवर उभे होते. आपण त्या क्षणी काय विचार केला, हे त्यांनी पुढं किती वेळा आठवून पाहिलं. बाया बुडतील असं त्यांना वाटलं नव्हतं. बुडोत असं तर मुळीच वाटलं नव्हतं. पूर आला तसा संध्याकाळपर्यंत उतरतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर आला तो डोहाच्या तोंडाशी असलेला खडक, आणि त्यावर घासत जाणारं ते ताजं पांढरं पोट. आणि तोंडातून शब्द गेला.

"सुकाणू नाई ना, बंडूजी. हिंगणघाटले दुरुस्तीले टाकलं."

"वल्ह्यावर नेतो मी," नत्थू म्हणाला. "तुमी नाव तं द्या."

"या धारेत बिनासुकाण्याची नाव भोवऱ्यासारखी फिरन, बावा. तूही जाशीन अन् बायाही जातीन."

हे बोलणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते इतकं सहज आलं. आनंदाबाई दाराच्या चौकटीला हात लावून उभी होती. तिची नजर एकदा आत पलंगाकडे गेली आणि परत आली. ती काही बोलली नाही. बंडूजींनी कपाळावरचं पाणी पुसलं, "बराबर हाये तुह्यं," म्हणाले, आणि नत्थूला घेऊन वासुदेवरावांच्या घराकडे पळत सुटले. वासुदेवरावांकडे ट्रॅक्टर होता, त्याच्या जुन्या ट्यूबा होत्या.

रूपरावही त्यांच्या मागं गेले. घरात थांबणं त्यांना शक्यच नव्हतं. ट्यूबांत हवा भरली, दोन-दोन ट्यूबा एकमेकींना बांधल्या, नाड्याला नाडा जोडून लांब दोर केला. त्याचं एक टोक कमरेला बांधून नत्थू पाण्यात शिरला. काठावर दोर धरणाऱ्यांत सगळ्यात पुढं रूपराव होते. त्यांनी दोर असा धरला की धारेचा हिसका बसे तेव्हा तळहाताचं कातडं निघून येई, पण ते सोडत नव्हते. पहिल्या खेपेला जिजाबाई आली. मग कांता आणि नलू एकदमच आल्या, एकमेकींना घट्ट धरून. शेवटी मंदाबाई.

ती निम्म्यावर आली असताना वरून एक बाभळीचं खोड वाहत आलं. ट्यूब कलंडली. मंदाबाई पाण्याखाली गेली, वर आली, आणि धारेनं तिला डोहाच्या तोंडाशी असलेल्या खडकावर नेऊन आपटलं. मागून ते खोडही तिच्यावर येऊन आदळलं. नत्थूनं तिचे केस धरून ठेवले. साऱ्यांनी मिळून ओढलं. ती काठाला लागली तेव्हा तिचा उजवा गुडघा भलत्याच बाजूला वळलेला होता आणि ती ओरडतही नव्हती.

तिला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. दोन-अडीच महिने पाय प्लास्टरात राहील आणि गुडघा पहिल्यासारखा वाकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. सगळे म्हणाले, जीव वाचला हेच खूप. मंदाबाई म्हणजे गावातली सगळ्यात चपळ बाई. भाजीची पाटी डोक्यावर घेऊन हिंगणघाटच्या बाजारात सगळ्यांच्या आधी पोचायची आणि जागा धरायची. पण ते आता संपलं, हे कोणी बोलून दाखवलं नाही.

बोलले ते रूपरावांच्या हातांबद्दल. दोन्ही तळहात सोलून निघाले होते. जिजाबाईनं स्वतः येऊन त्यावर हळद आणि गोडंतेल लावलं. "माह्या बापानं धरला नसता एवढा दोर तुनं धरला, बाप्पा," ती म्हणाली. पारावर लोक म्हणाले, रूपरावनं हाताची कातडी दिली, पण दोर सोडला नाही. रूपराव मान खाली घालून ऐकत. लोकांना तो विनय वाटे. हात बरे होऊ नयेत असं त्यांना वाटू लागलं होतं, कारण दुखत असताना निदान काहीतरी दुखतंय एवढं तरी समाधान होतं. घरात आनंदाबाई त्यांच्यापुढं ताट ठेवायची आणि चुलीकडे तोंड करून बसायची. पलंगाखालच्या त्या गुंडाळ्याजवळ ती झाडू नेत नव्हती. सारं घर झाडून ती तेवढी जागा सोडून द्यायची.

पोळा झाला आणि कॅप्टनसाहेब आले. जीपगाडी गावात आली म्हणजे कोण येत नाही? वासुदेवराव आले, नत्थू आला, पोरंटोरं आली. बंडूजीही आले. त्यांनी घरून एक खुर्ची उचलून आणली होती, साहेबाला बसायला. शेजारच्याचा सौदा चांगला व्हावा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

साहेब खुर्चीवर बसले नाहीत. शेडमध्ये शिरले ते थेट गुडघ्यावर बसले आणि नावेच्या पोटावरून हात फिरवू लागले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, डोळे मिटून. मग ते उठले आणि त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद होता.

"कमाल आहे," ते म्हणाले. "एक ओरखडा नाही. नदीतली नाव आणि एक ओरखडा नाही. इतकी जपून ठेवलेली जुनी नाव मी मुंबईतसुद्धा पाहिली नाही. परवा इथं मोठा पूर आला होता म्हणे? त्यातूनही वाचवलीत."

रूपरावांच्या कानशिलांतून ऊब वर चढू लागली. तेवढ्यात बंडूजी पुढं झाले. त्यांना वाटलं, साहेबाचा कुठं गैरसमज व्हायला नको.

"तसं नाई, साहेब," ते म्हणाले. "रूपराव तसा माणूस नाई. पुरात नाव काढतच होता तो. पण सुकाणू हिंगणघाटले दुरुस्तीले टाकलं होतं, त्याचा इलाज नाई. नाव नाई निघाली तं यानं दोर धरला. हात पाहा त्याचे."

आणि त्यांनी रूपरावांचा हात धरून साहेबासमोर उलटा केला. नवी गुलाबी कातडी आलेला तळहात. रूपरावांना तो हात मागं ओढून घेता आला नाही.

साहेबांनी मनापासून मान हलवली. मग म्हणाले, सुकाणू बघू. रूपराव घरात गेले. पलंगाखाली वाकताना त्यांच्या डोक्यात एकच विचार होता, की लुगडं इथंच काढून टाकावं आणि काहीतरी बोलावं. काय बोलावं ते सुचलं नाही. त्यांनी सुकाणू लुगड्यासकट आणलं आणि साहेबांच्या हातात दिलं.

साहेबांनी लुगडं सोडून बाजूला टाकलं आणि सुकाणू उजेडात धरलं. बिजागरीवरून अंगठा फिरवला, खिळ्याचं एकेक डोकं नखानं तपासलं.

"दुरुस्त केलं म्हणालात?" त्यांनी विचारलं. "छे. याला कोणाचा हातच लागलेला नाही. हे वार्निश मूळचं आहे. खिळेसुद्धा मूळचेच, एकही काढलेला नाही, काढला असता तर भोकाच्या कडेला दिसलं असतं. याच्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच. उलट हे चांगलं झालं. असं मूळ सुकाणू असलं की नावेची किंमत वाढते. मी सांगितलं त्याहून जास्त द्यायला तयार आहे."

ते हे सारं कौतुकानं बोलत होते, आणि त्यांना कशाचीही कल्पना नव्हती. शेडमध्ये मात्र एकदम सगळं थांबलं. नत्थूनं रूपरावांकडे पाहिलं आणि लगेच बाहेर डोहाकडे पाहू लागला. वासुदेवरावांनी घसा खाकरला. दाराशी चहाची थाळी घेऊन आनंदाबाई उभी होती, ती तशीच उभी राहिली.

बंडूजी त्या सुकाणूकडे बघत होते. मग त्यांनी शेजारी पडलेलं लुगडं पाहिलं. हिरवं, काठ फाटलेलं, तेलाचे डाग पडलेलं. ते उचलून त्यांनी त्याची व्यवस्थित घडी केली आणि ती पालथ्या नावेवर ठेवली. डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

"येतो," ते म्हणाले, आणि निघून गेले. खुर्ची तिथंच राहिली.

साहेबांना वाटलं, गावचे लोक लाजरे असतात. त्यांनी चहा घेतला, पुढच्या रविवारी ट्रक घेऊन येतो म्हणाले आणि इसाराला हात खिशात घातला. रूपरावांनी तो नको म्हटलं. रविवारी बघू, एवढंच ते कसंबसं बोलले.

दिवस मावळायच्या आत त्यांनी ती खुर्ची उचलली आणि बंडूजींच्या घरी गेले. मधे फक्त एक कुंपण होतं, पण तेवढं अंतर चालताना त्यांना सारं गाव आपल्या पाठीकडे बघतंय असं वाटलं. बंडूजी अंगणात सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसले होते. उठले नाहीत. मंदाबाई बाजेवर होती, प्लास्टरातला पाय उशीवर.

रूपरावांनी खुर्ची भिंतीशी ठेवली. बसा असं कोणी म्हटलं नाही, म्हणून ते उभेच राहिले.

"सुकाणू घरातच होतं," ते म्हणाले.

"समजलं मले ते," बंडूजी म्हणाले. त्यांनी एक जुडी बांधून खाली ठेवली. "मी तुह्यासाठी बोललो, रूपराव. साहेबासमोर. साऱ्या गावासमोर. तुहा हात धरून दाखवला मी. तवा तरी तुनं मले थांबवाले पायजे होतं."

पायाचं जे झालं त्याची माफी मागायची तयारी करून रूपराव आले होते. पण बंडूजींच्या तोंडून पायाचा शब्द निघाला नाही. आपल्या साध्या सरळ बोलण्याचं असं हसं व्हावं, हे त्यांना अधिक लागलं होतं. रूपराव कसंतरी म्हणाले, की नावेचा जो पैसा येईल तो सारा मंदाबाईच्या पायासाठी देतो, नागपूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवू.

"पैशाचं नाव काढू नको माह्या अंगणात," बंडूजी म्हणाले, तेही आवाज न चढवता.

तेव्हा मंदाबाई बोलली. ती छताकडे बघत होती.

"टेकाडावरून तुमचं शेड दिसते, भाऊजी. पाणी चढून राह्यलं होतं अन् आमी चौघी त्या शेडकडंच पाहून राह्यलो होतो. जिजाबाई रडे. मी तिले म्हणो, रूपराव भाऊजी आता नाव काढतीन, आता काढतीन. तुमी ओसरीवर उभे होते तेही दिसे. पांढरा सदरा होता तुमचा."

बाहेर कोणाच्या तरी गाईच्या गळ्यातली घंटा वाजत गेली. रूपरावांना जमिनीकडे बघण्यापलीकडे काही करता येईना. आपण कोणाला दिसत असू, हा विचार त्यांच्या मनाला तोवर शिवलाच नव्हता. आपण पाहतो आहोत, एवढंच त्यांना माहीत होतं.

"नाव विकू नका," मंदाबाई पुढं म्हणाली. "पायाचं जे झालं ते झालं. पण पुढच्या साली आमाले पुन्हा तिकडंच जा लागन. मले आता उतारातून चालता येन का? नाव घाटावर राहू द्या. साऱ्याईसाठी."

बंडूजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं. त्यांनी पुढची जुडी घेतली.

रूपराव घरी आले. आनंदाबाई चुलीपाशी बसली होती. त्यांनी तिला मंदाबाई काय म्हणाली ते सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "तुमी एकट्यानंच नाई केलं ते. मी दारात उभी होती. पलंगाखाली का हाये ते मले माहीत होतं. एक शब्द बोलली असती तं झालं असतं." आणि पदरानं तोंड झाकून ती रडली. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती, पण दोघांना एकमेकांकडे बघायची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

रविवारी कॅप्टनसाहेब ट्रक घेऊन आले. रूपरावांनी त्यांना नाव विकायची नाही म्हणून सांगितलं. साहेबांना वाटलं, भाव वाढवायची ही रीत असेल, त्यांनी किंमत आणखी चढवली. मग रूपरावांनी त्यांना सारं सांगितलं. शेडमध्ये, उभ्या उभ्या, काहीही न लपवता. साहेब ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "हे तुम्ही मला सांगायला नको होतं. मी त्या दिवशी किती बोललो." त्यांचाही चेहरा उतरला होता. ट्रक रिकामाच परत गेला, आणि त्यानंतर पिपरी मेघ्यातला तो प्लॉटही दुसऱ्या कोणी घेतला. मुलं वर्ध्यात एका खोलीत भाड्यानं राहून शिकली.

पाणी ओसरल्यावर रूपरावांनी नत्थूला बोलावलं. दोघांनी नाव सुलटी करून घाटावर ओढत नेली. ओढताना ती दगडांवरून घासली आणि पांढऱ्या रंगावर लांब ओरखडे उठले. नत्थू थबकला. रूपराव म्हणाले, ओढ.

सुरुवातीला कोणी तीत बसेना. बाया उतारानंच जात, नाव घाटावर बांधलेली असे, आणि रूपराव वल्हं हातात घेऊन वाट बघत बसत. ही त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट वेळ होती. येणारी-जाणारी बाई पदर सावरून बाजूनं निघून जाई, कोणी टोचून बोलत नसे, आणि ते रिकाम्या नावेशेजारी असे बसलेले. अखेर एक दिवस म्हातारी जिजाबाई आपणहून आली, काही न बोलता नावेत चढली आणि फळीवर बसली. तिच्यामागं कांता आली. मग नलू. हळूहळू नावेत भाजीच्या पाट्या चढल्या, खुरपी पडू लागली, एकदा कोणाची शेळीही चढली. शीड फार क्वचित लागे. वल्ह्यावरच काम चाले. पुढच्या पावसाळ्यात पुराच्या पाण्यात नाव काढावी लागली तेव्हा रूपरावांनी ती काढली, आणि ती खडकाला लागलीही. पोटाला मोठी खोक पडली. गावच्या सुतारानं तिला बाभळीची फळी ठोकून डांबर भरलं. कोणी तिची किंमत विचारायला पुन्हा आलं नाही.

मंदाबाईचा पाय सुटला तो त्याच सालच्या दिवाळीनंतर. गुडघा आखडलेलाच राहिला. कार्तिकात टेकाडावर वांगी तोडणीला आली तशी ती काठी टेकत घाटावर आली. सोबत बंडूजी होते. त्यांनी तिला हात देऊन नावेत चढवलं, पाटी तिच्या पायाशी ठेवली, पाटीवर खुरपं ठेवलं. रूपरावांनी वल्हं सरळ केलं आणि त्यांच्यासाठी जागा सोडली. बंडूजींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. धोतर वर खोचलं, डोहाच्या वरच्या अंगाला उतारावर गेले आणि पाण्यात उतरले.

तेव्हापासून तेच चाललं. रोज सकाळी ते बायकोला नावेत बसवून देत आणि स्वतः पाण्यातून चालत पार जात. थंडीचे दिवस होते. पाणी मांड्यांपर्यंत असे आणि त्यावरून वाफ निघत असे. उतार डोहाला इतका लागून, की दोघं एकमेकांशी हळू आवाजात बोलले असते तरी ऐकू गेलं असतं. पण बोलणं होत नसे. रस्त्यात भेटले तर बंडूजी रामराम घालत, जसा कोणालाही घालतात तसा. रूपरावांना त्या रामरामाची भीती वाटू लागली होती.

नाव वल्ह्याच्या चार-पाच फटक्यांतच पार जाई. बंडूजींना मात्र पाय रोवत, दगड चाचपत जावं लागे. त्यांच्या आधी पलीकडे पोचून कोरड्या पायांनी उभं राहायची रूपरावांना लाज वाटे. म्हणून ते वल्हं हळू मारू लागले, मधे थांबू लागले, काहीतरी अडकल्यासारखं करून पाण्यात बघू लागले. अशा बेतानं की बंडूजी आधी काठाला लागावेत.

काही दिवस मंदाबाईनं हे पाहिलं. मग एका सकाळी, डोहाच्या मध्यावर, ती पाटीवर हात ठेवून पुढं वाकली आणि हलकेच म्हणाली, "तसं नका करू, भाऊजी. त्याईले समजते. आणखी राग येते त्याईले. तुमची नाव हाये, तिच्या चालीनं चालू द्या."

रूपरावांनी बंडूजींकडे पाहिलं. ते उताराच्या मध्यावर, मांडीभर पाण्यात, दोन्ही हात धोतरावर धरून उभे होते आणि नाव पुढं जायची वाट बघत होते. रूपरावांनी वल्हं खोल बुडवलं आणि जोर लावला. नाव पलीकडच्या काठाला लागली. त्यांनी खाली उतरून दोर धरला, मंदाबाईला हात दिला, आणि बंडूजी पाण्यातून येईपर्यंत तिथंच उभे राहिले, मान खाली घालून.